काजूच्या दोन गोण्या

एप्रिलच्या मधल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकींच्या पडवीतून काजू बीच्या दोन गोण्या गेल्या. रात्री भिंतीला टेकून होत्या, वर जुनं गोणपाट टाकलेलं, सकाळी नुसतं गोणपाट खाली पडलेलं. दोन्ही मिळून 80 किलो बी, किलोला 120 रुपये धरा, म्हणजे 9600 रुपये. पावसाआधी नळे, म्हणजे छपराची कौलं, परतायचे होते, त्यासाठी ठेवलेला माल. काकींनी आरडाओरडा काही केला नाही, आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "गे बाय, माझ्या पडवेतसून कोणी नेला असतला गे?" चोरी झाली यापेक्षा माझ्या पडवीतून झाली याचा धक्का त्यांना जास्त होता. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या पडवीला दार नव्हतं.

पुढच्या सातेक महिन्यांत जे झालं ते माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. गावाचं नाव देत नाही, देवगड आणि मालवणच्या मधलं एक गाव एवढंच. माणसं रोज भेटणारी आहेत.

मी पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायच्या बचतीची, एजंट आहे, 14 वर्षं झाली. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तीन वाड्या फिरते, कोणाचे 100, कोणाचे 200, कोणाचे 500, घरातल्या बायकाच देतात, पदराच्या गाठीतून किंवा तांदळाच्या डब्यातून काढून. मी कार्डावर लिहिते, सही करते आणि पैसे पिशवीत टाकते. बऱ्याच जणी कार्ड बघतही नाहीत. "वयनी, तुम्ही लिवा, माका काय कळता" म्हणतात. माझा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. त्यामुळे विश्वास हा माझ्यासाठी पुस्तकातला विषय नाहीये, तो माझ्या पिशवीत रोज मोजलेला असतो, आणि गावात कोणाचं बरं चाललंय, कोणाचं बिघडलंय हेही मला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण पहिला हप्ता चुकतो तो आरडीचा.

तर गोण्या गेल्या त्या संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात दहाबारा माणसं जमली. कोणी नेली असतील यावर फार वेळ गेला नाही. "आमच्यातलो कोण असो करूचो नाय." मग राहिलं कोण? वरच्या बाजूला आंब्याची मोठी बाग आहे, तिथला राखणदार. नेपाळचा माणूस, बायको आणि चार वर्षांची मुलगी घेऊन डिसेंबरमध्ये आलेला, मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत बाग राखायची, रात्री वानर आणि चोर हाकलायचे, फवारणीला मदत करायची. देवगड पट्ट्यात अशी शेकडो कुटुंबं दरवर्षी येतात, बोटींवर खलाशी म्हणूनही येतात, आणि त्यांच्याशिवाय आता ना बाग चालते ना बोट. आम्ही सगळे त्याला बहादूर म्हणायचो. त्याचं नाव ते नव्हतं. खरं नाव मला माहीत होतं, कारण तो मार्चमध्ये माझ्याकडे आला होता, पोस्टात पैसे ठेवायचेत म्हणून. मी त्याला सांगितलं की इथली कागदपत्रं लागतात, तुझं खातं होणार नाही. तो बरं म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी सगळे वर बागेतल्या मांगराकडे, राखणदाराच्या खोपटाकडे गेले, मीही गेले. काय होतं त्या मांगरात? चिऱ्यांच्या तीन भिंती, चौथ्या बाजूला प्लास्टिकचा ताडपत्री कागद. एक चूल. ॲल्युमिनियमची दोन भांडी. दोरीवर मुलीचा गुलाबी फ्रॉक, अंगणवाडीतून मिळालेली पाटी खिळ्याला अडकवलेली. कोपऱ्यात निळी पत्र्याची ट्रंक. गोण्या कुठे नव्हत्या, दिसायला जागाच नव्हती, तरी कोणीतरी ट्रंक उघडायला लावली. त्याने स्वतः उघडली. वर स्वेटर, खाली कपड्याची घडी आणि घडीत नोटा, रबर लावून. मोजल्या. 22,400 रुपये. "एवढे पैशे खयसून इले?" असं एकाने विचारलं आणि मागून दोघातिघांनी तेच विचारलं.

मला माहीत होतं कुठून आले. डिसेंबर ते फेब्रुवारीचा पगार होता तो, ज्याला मी पोस्टात जागा देऊ शकले नव्हते म्हणून ट्रंकेत होता. मी ते सांगितलं. पण मी ते नोटा मोजून झाल्यावर सांगितलं. मोजायच्या आधी सांगायला हवं होतं, आणि मोजत होते तेवढा वेळ त्याची बायको मुलीचं तोंड आपल्या पोटाशी धरून उभी होती, ते माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

पैसे परत ट्रंकेत ठेवले गेले, कोणी हात लावला नाही की मारहाण झाली नाही, हे गावातले लोक आजही मला ऐकवतात. चौथ्या दिवशी ते कुटुंब गेलं. ऐन हंगामात, बागेत अर्धा माल झाडावर असताना. पाटी तिथेच खिळ्याला राहिली.

जूनमध्ये कळलं की गोण्या आमच्याच वाडीतल्या एका पोराने नेल्या होत्या. बाजारपेठेतला काजूवाला सहज बोलून गेला, यंदा तुमच्या अमक्याने 80 किलो बी घातली, झाडं वाढवली काय? त्यांच्या दारात दहा झाडं, त्यातली चार म्हातारी. पोराला विचारलं, त्याने लगेच कबूल केलं, रडला. पुन्हा त्याच सभामंडपात बैठक झाली. गावातली भांडणं गावातच मिटवणारी तंटामुक्ती समिती आहे आमच्याकडे, 2007 साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना ती मोहीम सुरू झाली, बऱ्याच गावांत ती आता नुसती बोर्डावर उरलीय पण आमच्याकडे अजून बसते. त्याच्या वडलांनी 9600 रुपये तीन हप्त्यांत द्यायचे ठरलं, पोलिसात जायचं नाही ठरलं, आणि गावकार, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, म्हणाले, "झाला ता झाला, आपलोच झील मा." आपलाच मुलगा ना, असं.

मला हे ऐकून बरं वाटलं, खरंच. 22 वर्षांच्या पोराच्या नावावर गुन्हा लागला असता तर त्याला कुठे नोकरी मिळाली नसती. पण ज्याने काहीच केलं नव्हतं त्याची ट्रंक आम्ही उघडली, आणि ज्याने केलं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून मी या सगळ्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलेय, मोबाइलवर, रात्री जेवणं झाली की.

आधी त्या पोराबद्दल सांगते. गरिबीमुळे चोरी केली असं मला कोणी म्हटलं तर ते पूर्ण खरं नाही. घरात रेशनचा तांदूळ आहे, भात थोडा पिकतो, मासे मिळतात, उपाशी कोणी नाही. तो खाली किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये कामाला आहे, महिन्याचे 10 हजार. शनिवार-रविवार गाड्या येतात, त्या एका खोलीचं दोन रात्रींचं बिल त्याच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त असतं आणि ते बिल तोच टेबलवर नेऊन ठेवतो. मोबाइल हप्त्यावर घेतला, हप्ता चुकला, मग ॲपवरून कर्ज, मग ते फेडायला दुसऱ्या ॲपवरून, आणि मग फोनवर शिव्या आणि कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना मेसेज करू अशी धमकी. त्याच्या आईची आरडी जानेवारीतच बंद पडली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आणि ते रिसॉर्ट ज्या जागेवर आहे ना, ती जागा त्यांचीच. म्हणजे त्यांचीही. सातबारावर 34 नावं, पणजोबापासूनची, निम्मी मुंबईत, कोण कुठे आहे कोणाला पत्ता नाही. वीसेक वर्षांपूर्वी एक एजंट आला, मुंबईतल्या चारपाच सहहिस्सेदारांच्या कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतल्या, गावातल्यांना सांगितलं की बाकीच्यांनी दिलीय, तुम्ही अडून राहिलात तर कोर्टात जाल. या पोराच्या आजोबांनी अंगठा दिला. गुंठ्याला 8 हजार मिळाले. आता त्याच किनाऱ्यावर गुंठ्याचा भाव काही लाखांत आहे. समुद्राकडे जायची पाणंद होती तिथे चिऱ्यांचा गडगा आणि लोखंडी गेट आलं, गेटवर वॉचमन, आणि तो पोरगा रोज त्या गेटवर नाव लिहून आत कामाला जातो. कोकणात अशा कहाण्या गावागावात आहेत, नाव आणि सर्व्हे नंबर तेवढे बदलायचे. हा व्यवहार चोरी म्हणून कुठे नोंदला गेला नाही. काजूच्या गोण्यांचा मात्र लगेच शोध सुरू झाला.

वाचताना मला रॉबर्ट मर्टन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं सापडलं, 1938 सालचं आहे पण आमच्या किनाऱ्यावर आजही लागू पडतं. तो म्हणतो की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो आणि तिथे पोचायचे सरळ रस्ते मात्र थोड्यांनाच देतो, मग उरलेल्यांतले काही जण आडवाटेने जातात. म्हणजे नुसतं कमी असणं नव्हे, समोर रोज भरलेलं ताट दिसणं आणि आपण ते फक्त वाढायचं, हे माणसाला कुरतडतं. जागतिक बँकेतल्या फान्झिल्बर, लेडरमन आणि लोआयझा या तिघा अर्थतज्ज्ञांनी चाळीसेक देशांची आकडेवारी तपासून 2002 साली लिहिलं होतं की जिथे उत्पन्नातली दरी मोठी तिथे खून आणि लुटालूट जास्त, आणि देशाचं सरासरी उत्पन्न हिशोबात धरल्यावरसुद्धा हा संबंध टिकतो. दक्षिण आफ्रिका आपल्यापेक्षा श्रीमंत देश, पण दरी जगात सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि तिथे लाखामागे चाळीसच्या वर खून होतात वर्षाला. आपल्याकडे 2022 ची नोंद लाखामागे 2.1.

पण मग इथे मी अडले. कारण दरी तर आपल्याकडेही काही लहान नाही. 2022-23 मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला 22.6 टक्के वाटा वरच्या 1 टक्का लोकांकडे होता असं पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या संशोधकांनी काढलंय, आणि संपत्तीतला 40.1 टक्के. एवढी दरी असून खुनाचा आकडा एवढा खाली, म्हणजे मधे आणखी काहीतरी आहे. गरीब माणूस हा गुन्हेगार असतोच असं धरून चालणाऱ्यांनी तर हा आकडा रोज वाचावा असं मला वाटतं.

ते मधलं काहीतरी म्हणजे शेजार. अमेरिकेतल्या शिकागो शहरात 1990 च्या दशकात रॉबर्ट सॅम्पसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 343 वस्त्यांमधल्या 8782 लोकांना साधे साधे प्रश्न विचारले, की पोरं शाळा चुकवून कोपऱ्यावर उभी दिसली तर शेजारचा कोणी बोलेल का, तुमच्या गल्लीतल्या माणसांवर भरवसा टाकता येतो का. ज्या वस्त्यांत लोक हो म्हणाले तिथे हिंसाचार कमी निघाला, गरिबी सारखी असली तरी. 1997 ला हे छापून आलं. आणि त्यातलंच दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं मला, की गरिबी एका जागी साचली, लोक सारखे घरं बदलत राहिले, की हा भरवसाच झिजतो. म्हणजे दरी थेट चोर बनवत नाही. ती आधी शेजार मोडते, आणि शेजार मोडला की मग काय व्हायचं ते होतं.

माझे बाबा मुंबईत कापड गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. लालबागला गावकीची खोली होती, 25 माणसं एका खोलीत, पाळ्यांप्रमाणे झोपायची, कारण सगळी एकदम आडवी होतील एवढी जागाच नव्हती. भिंतीला ओळीने ट्रंका, प्रत्येकाची एक. बाबा नेहमी सांगायचे की त्यातल्या एकाही ट्रंकेला कुलूप नव्हतं, गावाला पाठवायचे पैसे त्यातच असायचे, आणि इतक्या वर्षांत कोणाचा एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, कामगार नेते दत्ता सामंतांचा, अडीच लाख कामगार. पहिले काही महिने गावाहून तांदूळ जायचा, खानावळवाल्या बायका उधारीवर जेवायला घालायच्या, सगळे एकमेकांना धरून होते. मग वर्ष गेलं, काही जण गुपचूप कामावर परतले, कोण आत गेला कोण बाहेर राहिला यावरून एकाच खोलीतली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. बाबांनी 1983 च्या पावसात ट्रंक उचलली आणि गावाला आले. त्या शेवटच्या महिन्यांत ट्रंकांना कुलपं लागली होती, हे मात्र त्यांनी मला खूप उशिरा सांगितलं, आजारी होते तेव्हा. पुढे गिरणगावातली किती पोरं टोळ्यांमध्ये गेली ते मुंबईने बघितलंच. संपात उपाशी राहिलेल्या त्यांच्या बापांनी तर चोरी केली नव्हती. पोरं गेली, कारण संप तुटल्यावर त्यांना सांभाळणारं जे होतं तेच तुटलं, जिथे गिरण्या होत्या तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले आणि त्या टॉवरच्या सावलीत चाळीतल्या पोरांना काही काम नव्हतं.

याच्या उलट एक गोष्ट आपल्याच किनाऱ्यावर घडलीय आणि ती शाळेत का शिकवत नाहीत मला कळत नाही. अलिबाग तालुक्यातलं चरी गाव. खोत, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारे जमीनदार, आणि सावकार पिकाचा मोठा वाटा नेत, वर फुकट राबवून घेत, कुळाच्या हातात कोंडा उरायचा. 1933 मध्ये 25 गावांतल्या कुळांनी ठरवलं की जमीन कसायचीच नाही, नारायण नागू पाटील पुढे होते. आणि 1939 पर्यंत कसली नाही! सहा वर्षं. लाकडं विकली, मासे धरले, मिळेल ती मजुरी केली, पण कोणी फुटून खोताची जमीन कसायला गेला नाही. 1937 ला बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करायचं बिल मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, 1938 ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत धडकला, आणि शेवटी 1949 च्या कायद्याने खोती गेली. खोत आणि कुळातली दरी केवढी भयानक होती तेव्हा. पण त्या दरीतून दरोडे निघाले नाहीत, संप निघाला, कारण आपण थांबलो तर बाजूचा पण थांबेल याची प्रत्येकाला खात्री होती. मला वाटतं दरी सोसणाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा असला तर त्यातून लढा होतो, आणि भरवसा नसला तर ज्याला जसं जमेल तसं तो ओरबाडतो, बऱ्याचदा आपल्यासारख्याच गरिबाच्या पडवीतून.

समुद्रावर पण हेच बघतेय मी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढायची तेव्हा दोराला जो हात लावेल त्याला वाटा मिळायचा, विधवा बाई आली, शाळेतलं पोर आलं तरी टोपलीत चार मासे पडायचे. मग मोठ्या भांडवलाच्या, पर्ससीन नावाचं मोठं जाळं टाकणाऱ्या बोटी आल्या, एका रात्रीत थवेच्या थवे उचलणाऱ्या, नंतर एलईडीचे दिवे लावून मासेमारी. एलईडीवर 2017 ला केंद्राने बंदी घातली, पर्ससीनवर राज्याने 2016 मध्ये मर्यादा आणल्या, पण किनाऱ्यावरून दिवे दिसत राहिले. कायदा आहे पण आपल्यासाठी नाही असं एकदा लोकांना वाटलं की मग हात उठतात, आणि मालवण-आचऱ्याच्या बाजूला समुद्रात हाणामाऱ्या झाल्या, गुन्हे लागले, जास्त करून लागले ते छोट्या मच्छीमारांवर.

आता विश्वासाबद्दल, कारण इथेच मला आमच्या गावाचं चुकलेलं दिसलं. आम्ही सगळे छाती फुगवून सांगतो की आमच्याकडे दाराला कुलूप नसतं, मुंबईला जाताना चावी शेजारी ठेवतो. बाजूच्या आचऱ्याला तर दर काही वर्षांनी गावपळण होते, देवाचा कौल मिळाला की अख्खं गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं, घरं तशीच मागे सोडून. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण जगभर एक सर्वे होतो, त्यात विचारतात की बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो की जपून राहावं लागतं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमध्ये निम्म्याहून बऱ्याच जास्त लोक ठेवता येतो म्हणतात. हा प्रश्न ओळखीच्या माणसांबद्दल नाहीये. आमचा विश्वास आपल्या माणसांवर आहे, आणि आपली माणसं म्हणजे कोण हे पण ठरलेलंच, कोणी पडवीत यायचं आणि कोणी खळ्याच्या कडेला उभं राहायचं हे माझ्या सासूबाईंच्या काळापर्यंत पक्कं होतं, आजही पुसलं गेलेलं नाही. असा विश्वास आतल्याला सांभाळतो आणि बाहेरच्याची ट्रंक उघडतो. इंग्रजांनी 1871 ला कायदाच केला होता की अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, तो 1952 ला रद्द झाला, पण फिरस्ती माणसं गावाबाहेर पाल टाकून बसली की आजही आमच्याकडे व्हॉट्सअपवर फोटो फिरतात, लक्ष ठेवा म्हणून.

आणि अनोळखी माणूस खरंच तसा असतो का? 2019 साली 'सायन्स' नावाच्या संशोधन नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता, 40 देशांतल्या 355 शहरांमध्ये 17 हजारांवर हरवलेली पाकिटं लोकांच्या हातात दिली, काही रिकामी, काहींत पैसे. भारतातली शहरंही त्यात होती. रिकाम्या पाकिटांसाठी 40 टक्के लोकांनी मालकाला कळवलं, आणि पैसे असलेल्यांसाठी 51 टक्के. पैसे असले की जास्त! अर्थतज्ज्ञांना पण असं होईल असं वाटलं नव्हतं. काउंटरवरच्या, रिसेप्शनवरच्या साध्या पगारी माणसांनी हे कळवलं. मी हे वाचलं आणि मला त्या निळ्या ट्रंकेतल्या नोटा आठवल्या.

गोण्या गेल्यानंतर माझ्या आरडीच्या फेरीत फरक पडलाय. सहीच्या जागेवर बोट ठेवून "हय लिवलास मा?" असं आता चारपाच जणी विचारतात. विचारायलाच हवं, मी त्यांना आधीपासून सांगत होते. पण सुरुवात एप्रिलपासून झाली. काकींच्या पडवीला दार बसलं, त्यालाच 7 हजार गेले, नळे तसेच राहिले आणि पावसात माजघरात दोन ठिकाणी टोप ठेवावे लागले.

गणपतीच्या आधी सभामंडपात मोठी बैठक झाली, चाकरमानीही आले होते. विषय होता सीसीटीव्ही. तिठ्यावर दोन, देवळाशी एक, घरटी 1500 रुपये वर्गणी. मी उभी राहिले. बायका सहसा बोलत नाहीत तिथे, पण मी सगळ्यांचे पैसे सांभाळते म्हणून मला कोणी बस म्हणत नाही. मी म्हटलं, वर्गणी मी देईन, पण आधी त्या माणसाला फोन लावा. नंबर माझ्याकडे आहे, खात्याच्या चौकशीला आला तेव्हा डायरीत लिहून घेतला होता. चोर आपल्यातला निघाला हे त्याला अजून कोणी कळवलंच नाहीये. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग गावकारच म्हणाले, "लाव गो."

स्पीकरवर लावला. तो आता दुसऱ्या तालुक्यात, कुठल्यातरी चिरेखाणीवर कामाला आहे. गावकारांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की गोण्या कोणी नेल्या ते कळलं, तुझा काही संबंध नव्हता, आमचं चुकलं. 70 वर्षांचा माणूस, सगळ्या गावासमोर हे म्हणाला, आणि त्यासाठी मी त्यांना मानते. पलीकडून आधी नुसता मशीनचा आवाज येत होता. मग तो म्हणाला ठीक आहे, आणि मग त्याने हळूच विचारलं, माझे मार्चचे आणि एप्रिलच्या पंधरा दिवसांचे पैसे मिळतील का.

बागवाला दुसऱ्या खांबाला टेकून बसला होता. राखणदाराचा पुढचा हिशोब हंगाम संपल्यावर करायची पद्धत, आणि हा हंगाम संपायच्या आत गेला, म्हणून हिशोब झालाच नव्हता. महिन्याचे 12 हजार. मी डायरीत तिथल्या तिथे गुणाकार केला आणि मोठ्याने सांगितला, 18 हजार. सभामंडपात दोनेकशे माणसं होती आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. बागवाला म्हणाला बघतो.

आज नोव्हेंबरची 10 तारीख. अजून दिलेले नाहीत. माझ्या डायरीत आरडीवाल्यांची यादी असते, तिच्या शेवटच्या ओळीत त्याचं खरं नाव आणि 18,000 असं लिहिलंय. वाड्या फिरताना मी त्या बागवाल्याच्या घरी पण जाते, त्याच्या बायकोचे 500 असतात. कार्डावर सही केली की डायरी त्याच्यासमोर उघडी धरते आणि शेवटची ओळ वाचून दाखवते. सप्टेंबरमध्ये वाचली, ऑक्टोबरमध्ये वाचली, परवा पुन्हा वाचली. परवा त्याची बायको आतून येऊन दारात उभी राहिली आणि ती पण ऐकत होती.